चढावर मी उकळले

मी एक जुनी घरगाडी आहे, मित्रांनो, आणि आज तुमच्याशी बोलताना माझी मान खाली आहे. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. माझ्या पोटात दोन माणसांचा पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि कपबश्यांचं कपाट आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा लोक मला वळून वळून बघायचे. आता बघतात ते माझा धूर बघून.

मला चालवायचे ते आजोबा. पूर्वी ते बस चालवत. नोकरी संपल्यावर त्यांनी मला घेतलं, आजींनाही चालवायला शिकवलं आणि त्यांना शेजारी बसवून मला गावोगाव हिंडवलं. "गाडी ठेवावी तर यांनी!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचे.

पण वय कुणाला चुकलंय? माझं इंजिन लवकर तापू लागलं. स्टिअरिंगच्या मागे माझा एक काटा आहे. तो मधोमध असला की मी बरी, लाल पट्ट्याकडे सरकला की मला ताप. तो बघून वेग कमी करायचा, वेळ पडली तर बाजूला थांबवून विसावा द्यायचा, एवढंच माझं पथ्य. आणि नेमका तोच आजोबांना दिसेनासा झाला. मोतीबिंदू! रस्तासुद्धा धुरकट दिसू लागला होता. मुलीला कळलं तर ती किल्ली काढून घेईल, या धास्तीनं ते ऑपरेशन पुढे ढकलत राहिले. ठाऊक होतं ते फक्त आजींना. त्या विणता विणता सांगायच्या, "मध्यावर आहे हो," "जरा चढलाय, दमानं घ्या." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमचं तिघांचं चाललं होतं.

त्या दिवशी आम्ही मुलीकडे निघालो होतो. पेट्रोल पंपावर आजी म्हणाल्या, "अहो, आज सांगून टाकू या तिला डोळ्यांचं."

आजोबा तडकले. "काही गरज नाही. आणि ते काट्याचं पुराणही बंद कर. दिसतंय मला सगळं!"

आजींनी तोंडाला कुलूप लावलं.

पुढे चढ लागला. ऊन रणरणत होतं. काटा सरकला. आजींनी तो पाहिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी खोकले, आचके दिले, पण मला कुठली वाचा? वळणावर, भर रस्त्यात, मी उकळले. वाफेचा लोट उठला, पाणी भळाभळा सांडलं, मागे गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न बोंबलू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांनी बॉनेट उघडलं. ते रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच आजी ओरडल्या, "अहो, हात लावू नका! पोळाल!"

मागचा ट्रकवाला धावत आला. त्यानं आत डोकावून पाहिलं. "काका, काटा पार लालच्या वर गेलाय. दिसला नाही का तुम्हाला?"

एव्हाना माणसं जमली होती. "मीच बोलण्यात गुंतवलं त्यांना," आजी झटकन म्हणाल्या. पंपापासून मी उकळेपर्यंत त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता!

आजोबांनी रुमालानं मान पुसली. "नाही हो. हिची काही चूक नाही. मला दिसतच नाही तो. बरेच दिवस झाले."

गर्दीतलं कुणीतरी हसलं. मित्रांनो, ते हसू मला उकळत्या पाण्याहून जास्त पोळलं. त्यांनी इतकं जपलेलं मी चव्हाट्यावर आणलं होतं.

मी निवल्यावर ट्रकवाल्यानं पाणी भरलं. "चढ संपेपर्यंत आतला हीटर पूर्ण चालू ठेवा," तो म्हणाला, "इंजिनाची उष्णता तेवढीच खेचली जाते." आजोबांनी किल्ली आजींच्या हातात ठेवली. ऐन उन्हात हीटर लावून, घामानं निथळत, आजींनी मला खालच्या गियरमध्ये वर नेलं. आणि मी सुरेख चालले. शेजारच्या सीटवर आजोबा रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि आपण इतकं छान चालतोय याचीच मला लाज वाटत होती.

मित्रांनो, जुन्या गाडीचं पाणी बघत जा, काट्यावर नजर ठेवा, चढावर तिला घाई करू नका. एवढं तुम्ही कराल. पण घरात कुणाला कमी दिसू लागलं असेल, कमी ऐकू येत असेल, तर त्याला घरीच विचारा. जवळ बसून, हळूच. दहा लोकांसमोर, भर रस्त्यात, त्याला ते सांगावं लागू नये.