लोकर कुणी कातली

आमच्या सरकारने युरोपाशी मुक्त व्यापाराचा करार केला, त्याला बरीच वर्षं झाली. करार एवढा जाडजूड आहे, की वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला टेकण म्हणून लावावा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावरच्या छोट्या धंद्यांनी त्याचा फायदा घ्यावा, हे बघण्याचा मला पगार मिळतो. मी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून घसा कोरडा करतो. बाबांनो, तिकडे तुमच्या मालावर जकात लागणार नाही, फक्त माल इथला आहे एवढं दाखवा. लोक चहा देतात, माझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारतात, आणि जकात भरून मोकळे होतात. नाहीतर माल पाठवतच नाहीत.

लोरेटाकाकूंचं तरी मार्गी लागेल, असं मला वाटलं होतं. लोरेटाकाकू हातमोज्यांचा धंदा करतात. आमचे जुने कोळी घालायचे तसले हातमोजे, अंगठा आणि तर्जनी वेगळी, बाकीची तीन बोटं एका घरात. गावातल्या बायका घरी बसून विणतात आणि काकू विकतात. त्यांच्या मुलीने, ट्रुडीने, जर्मनीतल्या हॅम्बर्गचं एक दुकान गाठलं होतं. दुकानदार सगळ्या हिवाळ्याचा माल घ्यायला तयार होता, पण जकातीशिवाय. जकात लागली तर त्याला आयर्लंडचे हातमोजे स्वस्त पडत होते. महिनाअखेरपर्यंत सांगा, म्हणाला.

"ऑर्डर आली तर मी इथेच राहून धंदा बघणार," ट्रुडी मला म्हणाली. "नाही आली तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात. शेजारच्या मॅव्हिसची पोरं तिकडे कामाला आहेत, त्यांनी खोली बघून ठेवलीय."

काकूंनी विणकामातून मान वर केली नाही, पण सुया थांबल्या.

"काकू, अगदी सोपं आहे," मी म्हणालो. "हातमोजे इथे विणलेत. आता फक्त सूतही इथेच कातलंय एवढं दाखवायचं. लोकर कुणी कातली?"

"सिरिलने. दुसरं कोण कातणार? तुझा पंतप्रधान?"

"मग सिरिलकाकांकडून दोन ओळी लिहून घ्या. खाली सही."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या चहात थुंकलो होतो.

"गस, तुझे वडील असते ना, तर त्यांनी तुझा कान पिळला असता. माझं लग्न झालं तेव्हापासून मी त्या माणसाची लोकर घेतेय. आता जाऊन म्हणू, लिहून दे, म्हणजे तू खोटं बोलत नाहीस ते कळेल?"

"खोटं कोण म्हणतंय? नियम आहे."

"हॅरल्ड गेला तेव्हा त्याची शवपेटी सिरिलने केली. तेव्हा मी त्याच्याकडून मापं लिहून घेतली नव्हती. हॅरल्ड मावला त्यात."

"आई! बाबा होते ते!" ट्रुडी ओरडली.

"मी सही करते की. माझी नाही चालत?" काकूंनी मला विचारलं.

"तुमची सही विणण्यापुरती. कातण्याची त्यांचीच लागते. उद्या जकातवाल्यांनी विचारलं तर हातात काहीतरी हवं ना!"

"मग तूच जा," काकू म्हणाल्या, आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

मी गेलो. आणि तिथे घोटाळा केला.

आमच्याकडे दार कुणी ठोठावत नाही. दार ढकलायचं, ‘आलो हं’ म्हणायचं आणि चुलीपाशी बसायचं. ठोठावतात ते पोलीस, नाहीतर परगावचे. सिरिलकाकांच्या या घरात मी बोबडं बोलायचो तेव्हापासून घुसत आलोय. पण त्या दिवशी अंगावर ऑफिसचं जाकीट, काखेत फाइल. माझा हात आपोआप वर गेला आणि मी ठोठावलं.

आतलं बोलणं थांबलं. रेडिओ बंद झाला.

"कोण?"

"मी, गस."

"कुठला गस?"

दार चार बोटं उघडलं. फटीत सिरिलकाकांचा एक डोळा.

"कोण मेलं?"

"कुणी नाही हो काका. आत येऊ?"

"ठोठावलंयस, तर तिथूनच बोल."

मी तिथूनच बोललो. पायरीवर, समुद्राचा वारा कानात घेत, मी त्यांना करार समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लोरेटाला शंका आलीय."

"काकूंना नाही! हॅम्बर्गच्या जकातवाल्यांना."

"माझी लोकर हॅम्बर्गवाले घेत नाहीत. लोरेटा घेते."

"काका, दोनच ओळी. मी लिहूनसुद्धा आणल्यात."

"तू लिहिल्यास ना? मग सहीही तूच कर." फट बंद व्हायला लागली, पुन्हा उघडली. "मेंढ्या त्या तिकडे आहेत. कातायचं यंत्र शेडमध्ये आहे, सगळ्या गावाला ऐकू जातं. शंका असेल त्याला म्हणावं, ये आणि ऐक."

दार लागलं. थोड्या वेळाने शेडमधून यंत्राची खडखड सुरू झाली, नेहमीपेक्षा जोरात. लोकर इथली होती, इथेच कातली जात होती, हे मी माझ्या कानांनी ऐकत होतो. पण कानांनी ऐकलेलं फाइलला लावता येत नाही. मला इतका संताप आला, की मी मेंढ्यांवर ओरडलो. त्या चरत राहिल्या.

ट्रुडीने आईच्या मागे लकडा लावला. शेवटी महिना संपत आला तशा काकू उठल्या. ताजा पाव फडक्यात गुंडाळला आणि सिरिलकाकांकडे निघाल्या. मी मागोमाग, जाकीट घरी ठेवून. काकूंनी दार ढकललं. "आलो हं."

सिरिलकाकांनी चहा टाकला, डब्यातलं दूध काढलं, काकवीची बाटली काढली. पावाचा पहिला, मानाचा तुकडा कापून काकूंच्या पुढे ठेवला. मग दोघं बोलायला लागले. सिरिलकाकांच्या दाढेबद्दल बोलले. यंदा कोल्हे फार झालेत यावर बोलले. नव्या पाद्र्याला गाता येत नाही यावर तर किती बोलले! मी टेबलाखालून काकूंच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय काढून घेतला. चहा संपला, दुसरा झाला, काकूंनी शाल घेतली.

"बरंय सिरिल."

"बरंय लोरेटा. लोकर शनिवारी आणून टाकतो."

बाहेर आल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मागितलं का नाही?"

"त्याला माहीत होतं मी कशाला आले ते. द्यायचं असतं तर दिलं असतं."

"अहो, पण तुम्ही मागितलंच नाही!"

"पहिला तुकडा मला दिला रे त्याने. त्यावर काय मागू?"

काकूंनी शाल आवळली. त्या पुढे चालायला लागल्या.

हॅम्बर्गच्या दुकानाने आयर्लंडचे हातमोजे घेतले.

ट्रुडीला विमानतळावर न्यायला व्हॅन आली तेव्हा मीही काकूंच्या दाराशी होतो. काकू पोरीच्या कोटाची बटणं लावत होत्या, काढत होत्या, पुन्हा लावत होत्या. तेवढ्यात सिरिलकाका चढ चढून आले, धापा टाकत. त्यांनी ट्रुडीच्या हातात जाड पायमोज्यांचा जोड दिला.

"तिकडे थंडी कोरडी असते म्हणे. घाल."

मोज्याला टाचणीने कागद लावला होता. ट्रुडीने वाचला आणि माझ्या हातात दिला. मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ही लोकर माझ्या मेंढ्यांची. सूत मी स्वतः इथेच कातलं आहे.’ खाली तारीख, आणि पूर्ण सही. सिरिल टिब्बो.

"काका!" मी ओरडलो. "हेच तर! अहो, हेच तर मागत होतो मी तुमच्याकडे!"

"तिकडे पोरीला लोक विचारतील, लोकर कुठली म्हणून," ते म्हणाले. "तिच्याजवळ सांगायला काहीतरी असावं."

"मग तेव्हा का नाही दिलंत?"

सिरिलकाकांनी व्हॅनकडे बघितलं. ड्रायव्हर ट्रुडीची बॅग मागे टाकत होता.

"तेव्हा तू ठोठावलंस," ते म्हणाले.

काकूंनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली, आणि तो मोज्याच्या आत, बोटांपर्यंत खोचून ट्रुडीला दिला. व्हॅन निघाली. आम्ही तिघं वळणापर्यंत बघत राहिलो.

"चला," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."