हलका हात

चोवीस वर्षं नर्सबाईंनी मुलांना लशी टोचल्या आणि चोवीस वर्षं मुलांनी त्यांना पाहून भोकाड पसरलं. दर बुधवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत रांग लागायची. रांगेतल्या आया पोरांना दटावायच्या, "गप बस, नाहीतर त्या बाई बघ!" टेबलापर्यंत पोचेस्तोवर पोराचा अर्धा जीव गेलेला असायचा. सुरुवातीला बाईंनी पदरचे पैसे खर्चून चॉकलेटं वाटून पाहिली. मग मुलं चॉकलेट बघूनच रडायला लागली, तेव्हा तो नाद सोडला.

गल्लीतली पोरंही त्यांना सुईबाई म्हणत. त्या कोपऱ्यावर दिसल्या की खेळ टाकून सगळ्यांची पांगापांग. मोठ्या माणसांना त्याचं हसू यायचं, म्हणून बाईही हसायच्या. त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा लहानपणी हाताला स्पिरिटचा वास आला की कुशीत यायचा नाही. आता तो दूरच्या शहरात नोकरीला होता आणि रविवारी फोन करून तब्येत विचारायचा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

अशात तळमजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. नवरा बसवर कंडक्टर, बायको घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची, आणि साडेतीन वर्षांची एक मुलगी. रस्त्यावर गाड्या फार म्हणून आई तिला बाहेर सोडत नसे. घरात सगळे तिला बुटकी म्हणत आणि ती खरंच तेवढीच होती.

पहिल्याच संध्याकाळी बुटकी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर हात आडवा धरून उभी होती.

"तिकीट?"

बाई दमलेल्या होत्या. तरी म्हणाल्या, "द्या की एक."

"कुठं जायचं?"

"वर. दुसऱ्या मजल्यावर."

बुटकीनं वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा काढला, पुढच्या दातांनी त्याला कचकन भोक पाडलं आणि ओला कागद बाईंच्या हातात ठेवला. "पुढं सरका, पुढं जागा आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच भिंतीला चिकटून वाट करून दिली.

वर जाऊन कुलूप उघडताना बाईंच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

मग ते रोजचंच झालं. कधी बुटकी म्हणायची, "बस बंद पडली, धक्का मारा," की बाई खांद्याला पिशवी अडकवून भिंतीला ढकलायच्या. कधी म्हणायची, "मावशी, तुला बसायला जागा ठेवली," आणि पायरीवरची धूळ फ्रॉकनं पुसायची. बाई दवाखान्यातून निघताना साबणानं तीन-तीनदा हात धुवायला लागल्या. पांढरा कोट तिथेच खुंटीला ठेवायला लागल्या. दुसऱ्या टेबलावरची नर्स म्हणाली, "ताई, आजकाल घड्याळाकडे फार लक्ष असतं तुमचं. घरी पाहुणे आलेत की काय?"

"आलेत खरे," बाई म्हणाल्या.

एकदा बुटकीच्या आईनं सहज विचारलं, "मावशी, तुम्ही कामाला कुठं असता?"

"दवाखान्यात. नोंदी ठेवायचं काम," बाई म्हणाल्या. ते अगदीच खोटं नव्हतं. कार्डं भरायचं, वजनं लिहायचं काम त्याच करायच्या. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दीड महिन्यानं एका बुधवारी रांगेत पिवळा फ्रॉक दिसला. घर बदलण्याच्या गडबडीत बुटकीचा एक डोस राहून गेला होता. बाईंनी तोंडावरचा मास्क वर ओढला आणि शेजारच्या टेबलावरच्या नर्सला हळूच म्हणाल्या, "त्या पिवळ्या फ्रॉकचं तू बघ."

"पाठवा की," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्यासमोरच्या पोरानं छताला तडा जाईल अशी किंकाळी फोडली. तिचा हात जड होता. तिच्या हातची सुई घेतली की पोरांना हमखास गाठ यायची, आठ-आठ दिवस हात वर होत नसे. बाईंचा हात हलका. तशी त्यांची ख्यातीच होती. लोक लांबून त्यांच्या टेबलाशी यायचे.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मीच घेते."

मास्कचा काही उपयोग झाला नाही. बुटकीनं त्यांना दारातूनच ओळखलं.

"मावशी!" ती ओरडली आणि आईचा हात सोडून धावत आली. "तू इथं उतरलीस?"

सगळी खोली रडत होती आणि ही एकटी हसत होती. कुणी न सांगता ती स्टुलावर चढली. "अगंबाई, तुम्ही?" आई म्हणाली. "बरं झालं बाई, घरचंच माणूस निघालं."

"बाही वर कर बघू," बाई म्हणाल्या. बुटकीनं बाही वर केली आणि दंड पुढे धरला. चोवीस वर्षांत एकाही मुलानं असा आपण होऊन हात दिला नव्हता. बाईंनी कापूस फिरवला. गार लागलं म्हणून ती खुदकन हसली.

सुई जाऊन बाहेर आली तरी ती रडली नाही. आधी तिनं दंडाकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे, मग डोळ्यांकडे.

"तू?" ती म्हणाली.

आणि मग तोंड फिरवून आईच्या पोटात डोकं खुपसून रडायला लागली.

संध्याकाळी जिना मोकळा होता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बाईंनी दार वाजवलं.

"ताप होता थोडा, आता उतरला," आई म्हणाली. "गाठबिठ काही नाही हं. खरंच हात हलका आहे तुमचा. ए बुटके, बघ कोण आलंय!"

आतल्या पडद्यामागं काहीतरी हाललं आणि रडणं सुरू झालं. आई हसली. "अहो, फार फायदा झाला तुमचा. एक घास खाताना रडवायची मला. आता तुमचं नुसतं नाव काढलं की ताट साफ!"

ती हे अगदी मनापासून म्हणाली. बाईंनी मान डोलावली आणि वर गेल्या.

आठवड्याभरानं त्या घरी येत होत्या तर तळमजल्याच्या खिडकीतून हाक आली. "मावशी, थांबा की जरा!" आई एका हातात वाटी घेऊन उभी होती. मागं शर्टांचा ढीग होता, माणसाला दिवसभरात संपणार नाही एवढा. बुटकी खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली, ओठ घट्ट मिटून. "तासभर झाला हो या वाटीला. मला उद्या सकाळी माल द्यायचाय. तुम्हीच सांगा हिला, खाल्लं नाही तर काय कराल."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. दोन शब्दांत उडवून लावून पुढं जाता आलं असतं. पण बुटकी त्यांच्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, नजर न काढता.

"सुई टोचीन," बाई म्हणाल्या. दवाखान्यातला आवाज निघाला.

बुटकीनं तोंड उघडलं. आईनं घास भरला.

"अजून एकदा म्हणा, मावशी."

बाई अजून एकदा म्हणाल्या. वाटी संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातून उशिरा निघाल्या, मुद्दामच. तरी खिडकी उघडी होती आणि आई वाट बघत होती. बुटकीनं त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि कुणी काही बोलायच्या आतच वाटीतला घास दोन्ही हातांनी उचलून तोंडात कोंबला. मग दुसरा. दोन्ही गाल फुगले. चावायचंही भान न राहता ती बाईंकडे बघत राहिली.

"बघा!" आई कौतुकानं म्हणाली. "आता बोलावंसुद्धा लागत नाही."