चेकिंगला अडकलेला माल

ही गेल्याचं मला कारखान्यात कळलं. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. मी शर्टांना इस्त्री करत होतो. सुपरवायझर माझ्या टेबलापाशी आला आणि वाफेचं बटण बंद करून उभा राहिला. एरवी मशीन दोन मिनिटं थांबलं तरी हा माणूस अंगावर येतो. त्यानेच बंद केलं म्हटल्यावर मला काही विचारावं लागलं नाही. हॉस्पिटलात तेव्हा हिच्याजवळ हिची धाकटी बहीण होती. फोन तिनेच केला, पण मला नाही, ऑफिसात.

मी तीस वर्षं सिगारेट ओढली, तीही घरात, खिडकीपाशी उभं राहून. हिने आयुष्यात एक झुरका घेतला नाही आणि फुप्फुसं गेली ती हिची. धाकटीने त्यावरून निकाल लावून टाकला आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मलाही तो निकाल चुकीचा वाटत नव्हता.

महिन्याभराने हॉस्पिटलातून बोलावणं आलं. हिचं रक्त शेवटी शेवटी बाहेरगावी तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस होती. त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढलं. लिव्हरमध्ये एक प्रोटीन तयार होतं. ते रक्तातून फुप्फुसांकडे जातं आणि तिथे राखण करतं. तयार होताना ते लांब दोऱ्यासारखं असतं. मग त्याची ठरलेली घडी पडली तरच ते कामाचं. घडी नीट पडली का, हे पेशीत तपासलं जातं. नसेल तर त्याला थांबवून पुन्हा संधी देतात. तरी जमलं नाही तर तोडायला पाठवतात.

मी म्हटलं, "म्हणजे आधी ऑल्टर, आणि नाहीच जमलं तर रिजेक्ट."

त्यांना ऑल्टर माहीत नव्हतं. मग पंधरा मिनिटं मीच त्यांना शिकवलं. ही आमच्याच कारखान्यात चेकर होती. शिवलेला शर्ट हिच्या टेबलावर यायचा. खोट दिसली की त्या जागी बाणाचा स्टिकर लावून ही तो दुरुस्तीला परत पाठवायची, आणि ती दुरुस्ती म्हणजे ऑल्टर. दोनदा परत जाऊनही सुधारला नाही तर चिंध्यांत. धाकटी कॉलर लावायच्या लाइनला. एकदा हिने सख्ख्या बहिणीच्या चाळीस कॉलरी एका दिवसात परत पाठवल्या. आठवडाभर दोघी एकाच टेबलावर डबा खायच्या आणि एकमेकींकडचं पाणी माझ्यामार्फत मागायच्या.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि पुढचं सांगितलं. हिच्या बाबतीत त्या प्रोटीनच्या नमुन्यातच चूक होती, आई आणि वडील दोघांकडून आलेली. त्यामुळे बहुतेक माल वाकडाच निघायचा आणि चेकिंगला अडकायचा. बराचसा मोडला जायचा. उरलेला एकमेकांना चिकटून लिव्हरमध्ये साठत गेला, लिव्हर खराब झालं. तिकडे फुप्फुसांना राखणदारच नाही.

"वाईट हे, की ते प्रोटीन अगदीच टाकाऊ नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाहेर पडलं असतं तर थोडंफार काम केलं असतं."

मला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. एका टाक्यासाठी अख्खा गठ्ठा अडवणारी बाई, हिच्या आत दुसरं काय असणार होतं?

मग मी सिगारेटचं विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"आजार तुमच्यामुळे नाही. पण अशा फुप्फुसांना धुराने फार लवकर इजा होते. घरात धूर नसता तर कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती. किती, ते नाही सांगता येणार."

शिवाय सख्ख्या बहिणीला हा आजार असण्याची शक्यता चारात एक, तिचं रक्त लगेच तपासा, असं त्यांनी बजावलं. धाकटी दोन महिने खोकत होती. इस्त्रीच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं.

मी तडक तिच्या घरी गेलो. रक्ताचं आधी सांगायचं, असं वाटेत दहा वेळा घोकलं होतं. तिने दार उघडलं, मी रिपोर्टचा कागद पुढे केला आणि माझ्या तोंडून निघालं, "बघ, ती माझ्यामुळे नाही गेली."

"वा दाजी," ती म्हणाली. "महिनाभर हाच कागद शोधत होतात वाटतं? ताईने आयुष्यात एकच वाकडा पीस पास केला, तो दारात उभा आहे."

दार बंद. रक्तापर्यंत मी पोचलोच नव्हतो. नंतर सुपरवायझरकडून निरोप धाडला, तिने ऐकला नाही. चिठ्ठी दिली, ती न वाचता फाडली. मी काहीही केलं तरी ती तिला माझी स्वतःची सुटका करून घेण्याची धडपडच वाटणार होती, आणि थोडी ती होतीही.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत मी तिच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. आजूबाजूला सगळ्या बायका होत्या.

"मी घरात ओढली नसती तर ताई कदाचित आणखी काही वर्षं जगली असती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

तिने वर पाहिलं. "हे त्या कागदावर आहे?"

"नाही. तोंडी सांगितलं. त्या दिवशी मी ते गाळलं."

तिने बॉबिनमध्ये दोरा भरला. मग म्हणाली, "आणि कागदावर काय आहे?"

मी सगळं सांगितलं. नमुन्यातली चूक, चारात एक, तिचा खोकला, आणि अशा फुप्फुसांना धुरासारखीच वाईट असणारी इथली सुताची धूळ. तिने कागद घेतला, दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. सोमवारी जाऊ म्हणाली.

सोमवारी माल रवाना व्हायचा होता म्हणून ती आली नाही. बुधवारी मी लॅबमध्ये जाऊन नंबर लावला. ती दारापर्यंत आली, बाकावर पाच मिनिटं बसली, आणि लाइन अडेल असं सांगून निघून गेली. लाइन तिच्यावाचून अडत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मी अडवलं नाही. सिगारेट बंद केली आहे, एकोणीस दिवस झाले.

धाकटीने रक्त अजून दिलेलं नाही.