बेरिलची फांदी

दुसरी कळी सेनीने नखाने खुडली तेव्हा क्लेम हॅडो न्हाणीघरात होता. आतून नळाचा आवाज येत होता. कळी तिने एप्रनच्या खिशात टाकली आणि ती खिडकीची काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

ऑस्ट्रेलियातल्या मॅके गावच्या त्या वृद्धाश्रमात सेनी बारा वर्षं साफसफाईचं काम करत होती. टोंगाहून आली तेव्हा तिला धड इंग्रजी येत नव्हतं, पण तिच्या हातून कधी कुणाची टाचणी हरवली नाही. नवीन बायकांना काम दाखवताना मेट्रन तिच्याकडे बोट करायची.

क्लेम फेब्रुवारीत आला. उसाच्या कारखान्यातला जुना फिटर. घर विकून आला तो एक बॅग आणि पाण्याचा एक ग्लास घेऊन. ग्लासात बेगोनियाची वीतभर फांदी होती. बायकोने, बेरिलने, तीस वर्षं वाढवलेल्या झाडाची. बेरिलला जाऊन वर्ष झालं होतं. घर घेणाऱ्याने महिन्याभरात सगळं पाडलं. आता तिथे गाड्या धुतात.

"पेराच्या खाली कापायचं," त्याने पहिल्याच दिवशी सेनीला सांगितलं. "खालची पानं काढायची. पाणी दिवसाआड बदलायचं. मला काही कळत नाही यातलं, बेरिल करायची ते आठवून सांगतोय."

तीन आठवड्यांनी त्याच्या छातीत कफ झाला आणि त्याला दवाखान्यात हलवलं. त्याच आठवड्यात आश्रमाची तपासणी होती. सेनी घाईत होती. ग्लासातलं पाणी हिरवट झालेलं, फांदी बुडाशी मऊ पडलेली, दोन्ही पानं गळालेली. तिने ती कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि ग्लास धुऊन पालथा घातला. संध्याकाळी घरी बसमधून उतरताना तिला आठवलं ते काय होतं. सकाळी धावत आली, तर कचऱ्याची गाडी येऊन गेलेली.

तिच्या मागच्या पायऱ्यांशी तसाच बेगोनिया होता. तेच लांबट पान, तेच चंदेरी ठिपके. तिने फांदी कापली आणि ग्लासात ठेवली.

क्लेम परत आला तो चाकाच्या खुर्चीतून. दारातच त्याने विचारलं, "पाणी बदललंस ना गं?"

"हो," सेनी म्हणाली.

तेवढा एकच शब्द. त्या क्षणी सांगितलं असतं तर तो कदाचित रागावला असता, आणि मग ते संपलं असतं.

अकराव्या दिवशी पेरातून पांढरं मूळ फुटलं. क्लेमने ग्लास उचलून जेवणघरात नेला.

"बघा, क्लेमला या वयात पोर झालं!" समोरच्या खोलीतली डॉट ओरडली.

"कुणावर गेलंय?" दुसरा कुणी म्हणाला.

"आईवर," क्लेम म्हणाला, आणि सगळे हसले. सेनी टेबलं पुसत होती. तिला मान वर करता आली नाही.

मुळं बोटभर झाल्यावर त्याने ती फांदी कुंडीत लावली. रोज सकाळी खुर्ची खिडकीशी नेऊन तो तिच्याशी हळू आवाजात बोलायचा. सेनी आली की थांबायचा, जरासा लाजायचा. ऑगस्टमध्ये पहिली कळी धरली तसा तो म्हणाला, "लालभडक फुलायची बेरिलची. सप्टेंबरात लेक येतेय पर्थहून, जिलियन. तिला दाखवतो."

सेनीच्या घरचा बेगोनिया पांढरा होता.

म्हणून तिने कळी खुडली. मग दुसरी. आणि न्हाणीघरातून बाहेर आलेल्या क्लेमने कुंडीत बोट घालून माती चाचपली, बराच वेळ.

"काल होती गं इथे. हात लावून बघितली होती मी."

"गळली असेल, मिस्टर क्लेम."

"माझ्याच हाताला यश नाही. बेरिल म्हणायची, तू पाणी घातलंस की झाड माना टाकतं." त्याने कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरली. "तू ने घरी. तुझ्याकडे तरी फुलेल. जिलियनला सांगेन, बापाला जमलं नाही म्हणून."

सेनीने कुंडी घेतली नाही. एप्रनच्या खिशातली कळी काढून तिने तळहातावर ठेवली.

"तुम्ही काही केलं नाही. मी खुडल्या. दोन्ही."

"का?"

"ती बेरिलबाईंची नाही. त्यांची मी टाकून दिली, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. कचरा समजून. ही माझ्या घरची. पांढरी फुलते."

क्लेमने कुंडी सावकाश खाली ठेवली.

"म्हणजे सहा महिने मी..." तो थांबला. "तू ऐकायचीस. दारात उभी राहून ऐकायचीस मी काय बोलतो ते."

"कधीमधी कानावर पडायचं."

"आणि तरी गप्प बसलीस."

"हो."

"बाहेर जा, सेनी."

मेट्रनकडे ती स्वतःच गेली. मेट्रन म्हणाली, "एका फांदीसाठी एवढं काय? पुढे जरा जपून." रागावली असती तर बरं झालं असतं. सकाळचा चहा सेनी न्यायची, तो क्लेम आता दुसऱ्या बाईकडून घेऊ लागला. कुंडी दोन दिवस बाहेर व्हरांड्यात होती. सेनी तिला वळसा घालून जायची. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीत दिसली.

जिलियन आली त्या रविवारी पांढऱ्या फुलांचा घोस कुंडीच्या काठाखाली लोंबत होता. सेनी धुतलेले टॉवेल घेऊन आत आली होती. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"बाबा, आईचा तर लाल होता ना?"

सेनी टॉवेल छातीशी धरून उभी राहिली.

"आईचा गेला," क्लेम म्हणाला. "मी दवाखान्यात होतो तेव्हा. हा सेनीचा आहे."

"अय्या, किती छान!" जिलियन तिच्याकडे वळली. डोळे बापासारखेच, निळे. "तुमचे आभार कसे मानू? एवढं कोण कुणासाठी करतं?"

"नका मानू," सेनी कसंबसं म्हणाली. "मी तुम्हाला सांगते काय झालं ते."

"राहू दे," क्लेम म्हणाला. तिच्याकडे न बघता तो कुंडी फिरवत होता, फुलं लेकीच्या बाजूला यावीत म्हणून. "टॉवेल तिथे ठेव. जाताना दार ओढून घे."

तिने टॉवेल ठेवले, दार ओढून घेतलं. आत बापलेक बोलू लागले. ट्रॉली ढकलत ती पुढच्या खोलीशी आली आणि दार वाजवायला तिने हात उचलला. उचललेला हात बराच वेळ तसाच राहिला.