विमान जाईपर्यंत

आमचं गॅरेज इस्रायलमध्ये लोदला, विमानतळाला इतकं खेटून की विमान उठलं की त्याच्या पोटात चाकं शिरताना दिसतात. त्या आवाजात बोलण्यात काही अर्थ नसतो. म्हणून आमच्या गल्लीत सगळे बोलता बोलता थांबतात, तोंड वर करतात, विमान जाऊ देतात आणि जिथे शब्द सोडला तिथून पुढे बोलू लागतात. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं, आम्हाला कळतही नाही. माझे पप्पा तेवढे गप्प बसत नसत. ते विमानाला शिव्या घालत, परळच्या कारखान्यातल्या अस्सल शिव्या, पायलटच्या खानदानासकट. आई म्हणायची, "अहो, त्याला ऐकू तरी जातं काय?"

पप्पांचं नाव शौल. मुंबईला ते रेल्वेत होते. डब्यांच्या चाकांवर हातोडा मारून चाक शाबूत आहे की तडकलंय हे कानाने सांगायचं, हे त्यांचं काम. इस्रायलला येताना आईने ट्रंकेत चांदीचा पेला ठेवला आणि पप्पांनी तो हातोडा. मी, सुझॅन, तेव्हा पाच वर्षांची होते. मोठी झाल्यावर भावाला कॉम्प्युटर हवा होता, मला ग्रीस आवडलं. तेव्हापासून मी पप्पांच्या हाताखाली.

आमच्याकडे रेसवाली मुलं यायची. तीस तीस वर्षांची जुनी अमेरिकन इंजिनं घेऊन यायची आणि तीनशे घोड्यांच्या इंजिनातून सातशे घोडे काढून द्या म्हणायची. घोडे निघतात हो, पण इंजिनाचं धड, म्हणजे ब्लॉक, त्याने ते सोसायला नको? पाण्याचे मार्ग आतून गंजलेले, सिलिंडरच्या भिंती पातळ झालेल्या. आम्ही भिंतींची जाडी मोजायचो, पाण्याच्या मार्गात खालच्या अर्ध्या भागात सिमेंटसारखा मसाला ओतून त्या पक्क्या करायचो, क्रँक हा फिरता दांडा ज्या आडव्या भिंतींवर, म्हणजे जाळीवर, बसतो तिथल्या पट्ट्या जाड पोलादाच्या बसवायचो. पण ब्लॉकला आधीच केसाएवढी चीर असेल तर हे सगळं पाण्यात. म्हणून सगळ्यात आधी पप्पांचा हातोडा.

ब्लॉक साखळीने टांगायचा, म्हणजे तो मोकळा वाजतो. पप्पा ठिकठिकाणी हलका ठोका मारायचे. निरोगी लोखंड खणखणतं आणि खूप वेळ घुमत राहतं. चिरलेलं बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. ठोके झाले की पप्पा मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि निकाल सांगायचे. त्यांनी पास केलेला ब्लॉक कधी फुटला नाही. मी चुंबक आणि लोखंडाच्या पुडीची डबी आणली होती. चीर असेल तर पूड तिच्यावर रांग धरून बसते. पण पप्पा ती डबी उघडू द्यायचे नाहीत. "पावडर तोंडाला लाव गो," म्हणायचे, "चानस हाय, अजून लगीन जमेल."

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका बुधवारी बेर्शेबाहून यारोन आला. आमच्यातलाच, मराठी ज्यू, पण इथे जन्मलेला. मराठी सगळं समजतं, उत्तर हिब्रूत. नेगेवच्या वाळवंटात एका ओसाड धावपट्टीवर ही मुलं गाड्या पळवायची. यारोनने जहाजातून सदुसष्ट सालचा ब्लॉक मागवला होता आणि लहान मुलाला आंघोळ घातल्यासारखा पुसून आणला होता. लहान मूल तर त्याला होतंच. पाकिटातून फोटो काढून दाखवला, टक्कल असलेली गोड मुलगी.

"दोद शौल," तो म्हणाला, "तुम्ही बेसेदेर म्हणालात की झालं. माझी बायको फक्त तुमच्यावर विश्वास ठेवते."

दोद म्हणजे काका, बेसेदेर म्हणजे ठीक. पप्पा खूश झाले. कॉम्प्रेसर घरघरत होता, जमीन नेहमीसारखी थरथरत होती. ब्लॉक टांगला. पप्पांनी हातोडा उचलला, आणि तेवढ्यात विमान उठलं. मी सवयीने तोंड वर केलं, यारोननेही केलं. जरा वेळाने खाली बघते तर पप्पा ब्लॉकवर वाकून ठोके मारत होते. डावीकडे, उजवीकडे, मधल्या जाळीवर, नेहमीच्या लयीत, जराही न थांबता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातोडा फडक्याने पुसला आणि नेहमीचंच म्हणाले, "फस्ट क्लास. घंटेसारखा वाजतोय."

विमान अजून डोक्यावरच होतं. यारोनने त्यांच्या ओठांवरून "फस्ट क्लास" तेवढं ओळखलं आणि टुणकन उडी मारून त्यांना मिठी मारली. 

त्या आवाजात देवदूतालाही ठोका ऐकू आला नसता. ज्याला कान आहेत तो थांबला असता. पप्पा थांबले नाहीत, कारण त्यांच्यासाठी विमान आलंच नव्हतं.

मग एकेक आठवू लागलं. सिनेगॉगमध्ये त्यांचं "आमेन" सगळ्यांच्या मागून यायचं. आई हसायची, म्हणायची, म्हातारा डुलक्या काढतो. फोन वाजला की त्यांचे हात नेमके तेलकट असायचे. आणि विमानाला शिव्या? अलीकडे त्या आमची तोंडं वर झाल्यावरच सुरू व्हायच्या.

शुक्रवारी दुपारी पप्पा शब्बातसाठी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुट्टीसाठी, आंघोळीला घरी गेले. मी मागे राहिले, चुंबक लावलं, डबी उघडली. मनात म्हणत होते, एलियाहू हन्नबी, काही निघू देऊ नको, तुझ्या नावाने मलिदा करीन. पूड भुरभुरवली आणि फुंकर मारली. मधल्या जाळीवर, जिथे क्रँकचा सगळा मार बसतो, तिथे पुडीची रेघ उभी राहिली. वीतभर लांब. पुसून पुन्हा केलं. रेघ तिथेच.

सातशे घोड्यांवर ही जाळी फुटली असती. इंजिन यारोनच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर. उकळतं तेल त्याच्याच चाकांखाली सांडलं असतं, आग लागली असती. यारोनला तर सांगायलाच हवं होतं, त्यात विचार कसला करायचा? प्रश्न पप्पांचा होता. मुंबई सुटली, घर सुटलं, इथे त्यांना आधी झाडू मारायला लावलं. या देशात त्यांना उभं केलं ते कानांनी. ते कान गेले हे त्यांना मुलीने सांगायचं?

त्या रात्री जेवताना ते आईला चिडवत होते, भातात मीठ नाही म्हणून. त्यांच्या पाठीमागे उभी राहून मी हळूच म्हटलं, "पप्पा, मीठ देऊ?" मग मोठ्याने म्हटलं, तरी ते वळले नाहीत. आईने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. 

शनिवारभर विचार करून मी एक खोटं शिजवलं. रविवारी गॅरेज उघडल्याबरोबर पप्पांच्या समोर उभी राहिले आणि तोंड नीट त्यांच्याकडे ठेवून म्हटलं, "पप्पा, शुक्रवारी माझ्या हातून साखळी सुटली. ब्लॉक पडला. मधे चीर गेली. यारोनला मी भरून देईन."

 ब्लॉक तसाच टांगलेला होता. पप्पांनी साखळीची कडी चाचपली, आपणच मारलेली गाठ जशीच्या तशी बघितली. मग हातोडा माझ्या हातात दिला.

"तू हान."

"कशाला, पप्पा? मी सांगते ना…"

"हान गो."

मी मधल्या जाळीवर ठोका मारला. बद्द. इतका बद्द की लहान पोरानेही ओळखला असता. मी ओठ आवळून धरले, तरी व्हायचं ते झालं, डोळे भरून आले. पप्पा ब्लॉककडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"बग," ते हळू म्हणाले. "असा वाजतो फुटका."

 ते खुर्चीवर बसले.

"दोन वरसं झाली, सुझी. दोन वरसं मी ब्लॉक नाय ऐकला. ठोका मारायचा नि तुज्या तोंडाकडं बगायचं. बद्द वाजला की तुजी भिवई हलते, तुला ठाऊक पन नसेल. खणखणीत वाजला की तोंड शांत." त्यांनी टांगलेल्या ब्लॉककडे बघितलं. "बुधवारी तुजं तोंड एकदम शांत होतं."

बुधवारी विमानाच्या आवाजात मला एकही ठोका ऐकू आला नव्हता, मी नुसती विमान जाईपर्यंत वाट बघत होते. तेवढंच.

"विमान होतं, पप्पा," मी म्हटलं. माझा आवाज फुटला, पण तो त्यांना ऐकू आला नाही. ओठ मात्र त्यांनी वाचले.

"विमान," ते म्हणाले. छताच्या पत्र्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने नाक पुसलं. "यारोनला फोन लाव. साखळीबिखळी काय सांगू नको. सांग, ब्लॉक फुटका हाय, नि शौल बहिरा हाय. दोनी सांग. पोरगी लहान हाय त्याची."

मी दोन्ही सांगितलं.  यारोन आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला. म्हणाला, "काकाला माजा सलाम दे."

हातोडा आता खिळ्यावर टांगलेला असतो. ब्लॉक मी पुडीने तपासते. कुपात खोलिम या विमा दवाखान्याच्या डॉक्टरांनी दिलेलं मशीन पप्पा कानात घालत नाहीत, त्यात नुसती खरखर येते म्हणतात. पण गॅरेजला रोज येतात, दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. विमान आलं की मी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर बोट वर करते. पप्पा आभाळाकडे तोंड करतात आणि जोरात शिव्या घालू लागतात. त्यांच्या शिव्या चालूच असतात आणि विमान कधीच गेलेलं असतं. बोट मी जरा वेळ तसंच ठेवते.