उशिराचं ‘व्हय म्हाराजा’

रवळनाथाची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर उद्यापासून माझ्या हातची सोलकढी फाटू दे, माझ्या कोंबड्या शेजारणीच्या घरात अंडी घालू देत! हसू नका रे. ऐका.

चौऱ्याऐंशी साल. माझ्या बहिणीची, जानकीची मुलगी विमला तेव्हा एकोणीस वर्षांची. चार वर्षं तिच्या पोटात काही राहत नव्हतं. पेज प्यायली की कळा, परसाकडे गेली की रक्त. अंग इतकं वाळलं की हातातली काकणं कोपरापर्यंत सरकायची. काढे झाले, गंडेदोरे झाले. शेवटी मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, “आतड्याला जखमा आहेत. मुंबईला नेऊन ऑपरेशन करा. होळीपर्यंत थांबलात तर मग मला काही विचारू नका.”

जानकीने कानातल्या कुड्या मोडल्या. कसालच्या बाजारात पत्र्याचा डबा फिरवला. लोकांनी दिलं, नाही असं नाही, पण जमलं ते एस.टी.च्या भाड्यापुरतं. मग दिवाळीनंतर आमच्या वाडीने ठरवलं, एक दिवस विमलासाठी रापण ओढायची. मोठं जाळं समुद्रात टाकायचं, सगळ्यांनी किनाऱ्यावरून दोर ओढायचे, वाटा कुणी घ्यायचा नाही. मासळी विकून येईल ते पोरीचं.

अडलं ते जाळ्यावर. एवढं मोठं जाळं वाडीत एकच, भिकाजीचं. आणि भिकाजी मरून तीन वर्षं झालेली. कशाने मेला माहीत आहे? पोटानेच. जन्मभर दुखणं लपवलं, औषधाला पैसा लावला नाही, पेजेवर दिवस काढले. देवाला गाऱ्हाणं घालताना प्रत्येक ओळीला सगळे एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, पण भिकाजीच्या पोटात नेमकी कळ यायची. ती ओसरेपर्यंत तो थांबायचा आणि मग एकटाच, घोगऱ्या आवाजात म्हणायचा, “...व्हय म्हाराजा.” अख्खी वाडी त्याची नक्कल करायची. सगळ्यांत चांगली माझी.

जाळं त्याच्या मांगरात, घरामागच्या खोपटात टांगलेलं होतं. त्याची बायको यमुनाबाई रोज तिन्हीसांजेला मांगराच्या दाराशी पेजेची वाटी ठेवायची. सकाळी वाटी रिकामी. मांजर पीत असेल म्हणाल. पण मांजर वाटी पालथी घालून ठेवतं का? भिकाजी घालायचा.

आता जाळ्याचा मालक त्याचा भाऊ शंकर. रीत अशी की निम्मी मासळी जाळ्याची.

“ओढा खुशाल,” शंकर म्हणाला, “पण जाळ्याचो वाटो माका होयो.”

“शिरा पडो तुझ्या तोंडार! चेडवाचो जीव जाता हा नि तुका बांगडे दिसतत?” मी म्हटलं.

“जाळा काय फुकट इला, अक्का? दादा आसतो तर त्येनाय वाटो सोडलो नसतो.”

जानकीने डब्यातली नाणी पुन्हा मोजली. निम्म्यात ऑपरेशन होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रापणीच्या दिवशी सकाळी सगळी वाडी किनाऱ्यावर. मी बायकांत, यमुनाबाईचा हात धरून उभी. हात तिचा सुरमईसारखा गार. आबा, वाडीतले सगळ्यांत म्हातारे, नारळ घेऊन पुढे झाले.

“बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां दर्याच्या काठार जमली आसत, त्येंचा गाऱ्हाना आयक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“विमलाच्या पोटातली पिडा भायर काढ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि भिकाजीच्या जाळ्याचो वाटो विमलाच्या औषदाक लागूं दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ही ओळ आबांच्या कानात कुणी घातली ते विचारू नका. पण सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता शंकर. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं आलं की तोंड आपोआप उघडतं. मग त्याचे डोळे मोठे झाले.

“ह्या चुकान इला! ह्या धरू नकात!”

“देवाम्होरं बोललंस मा?” वाडीतला सहदेव दोर खांद्यावर घेत हसला. “आता गीळ बघूया परत!”

“जाळा दादाचा! दादाक इचारा, तो व्हय म्हणता काय!”

आबांचा नारळ हातातच राहिला. आणि वाळूत पालथ्या घातलेल्या होडीमागून, एक दम उशिरा, घोगरं असं आलं,

“...व्हय म्हाराजा.”

यमुनाबाईची नखं माझ्या मनगटात रुतली. शंकर कुणाकडे न बघता दोराला जाऊन भिडला.

तुम्हाला सांगते, असा दोर मी कधी ओढलेला पाहिला नाही. सहदेवच्या बाजूला दोराच्या टोकाशी कुणी नव्हतं, तरी मागे दोराची वेटोळी पडत होती, नीट, एकावर एक. उलट्या बाजूने वळलेली. भिकाजी डावरा होता.

बांगडे इतके लागले की देवगडच्या व्यापाऱ्यालाही निरोप धाडावा लागला. आठवड्याच्या आत जानकी विमलाला घेऊन मुंबईला गेली. होळीच्या आधी पोरगी घरी आली, पोटावर हे एवढे टाके. पुढे पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस तिने भात आणि बांगड्याचं तिखलं खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाली, “आये, आणि वाढ गो.” जानकी वाढायचं सोडून दाराआड जाऊन रडली.

त्या दिवशीची मांगराच्या दारातली वाटी सकाळी भरलेलीच होती. त्यानंतर कधी रिकामी झाली नाही.

बरं. सोलकढीची काळजी वाटते म्हणून सांगून टाकते. एक थाप मारली. मी यमुनाबाईचा हात धरून उभी नव्हते. मी होडीमागे लपले होते, भिकाजीचा आवाज काढून शंकरला घाबरवायला. तीन दिवस चुलीपुढे सराव केला होता. शंकर म्हणाला, ‘दादाक इचारा’, तशी मी छाती भरून दम घेतला, तोंड उघडलं.

आणि शब्द माझ्या कानामागून आला. त्याला शिळ्या पेजेचा वास होता.