पाठमोरा कोट

बेघरांसाठी शिजवलेल्या सुपाचं पातेलं ग्लेनिसनं तसंच ओट्यावर टेकवलं आणि ॲप्रनसकट ती चर्चच्या दारातून बाहेर धावली. समोरच्या चढावरून डंकन चालला होता. तोच हळदी रंगाचा लोकरी कोट, तोच किंचित कललेला खांदा. लेकाचं नाव तिच्या तोंडून निघूनही गेलं.

मग तिच्या लक्षात आलं. कोट तिनंच दिला होता, आदल्या दिवशी, मर्विनला. होबार्टच्या थंडीत पुलाखाली झोपणारा हा माणूस सदऱ्याच्या आत वर्तमानपत्रं कोंबून सूप प्यायला यायचा. तिला ते बघवलं नव्हतं.

डंकनची होडी नदीच्या मुखाशी उलटली होती. होडी सापडली, तो नाही.

मर्विन चढावर दिसला त्या दिवसापासून ती रोज सकाळी दारात उभी राहू लागली. कोट वळणापलीकडे दिसेनासा झाला, की आत येऊन पाव कापायला घ्यायची. घरी तिनं डंकनच्या खोलीतला हीटर पुन्हा लावायला सुरुवात केली, तेव्हा तिचा नवरा क्लाइव धास्तावला. त्यानं नवाकोरा जाड कोट आणून तिच्या हातात ठेवला.

"हा त्याला दे, अन् आपला परत आण. अशानं तू हाती लागायची नाहीस गं."

दुसऱ्या दिवशी सूप वाढून झाल्यावर ती मर्विनशेजारी बसली. हा जास्त उबदार आहे, असं काहीतरी चाचरत म्हणाली. त्यानं कापड चाचपून पाहिलं, मुकाट्यानं अंगातल्या कोटाची बटणं काढायला घेतली आणि मध्येच थांबला.

"बाई, माझा मुक्काम खाली नदीकडे. त्या चढावर माझं काहीच काम नसतं."

"पण रोज तर जातोस," ग्लेनिस म्हणाली.

"पहिल्या दिवशी सहज गेलो होतो. तुम्ही हाक मारत धावत आलात, ते दुकानाच्या काचेत दिसलं. तेव्हापासून रोज जातो. मागं तेवढं बघत नाही."

नवा कोट तिनं त्याच्या मांडीवर ठेवला. जुना मागितला नाही.

सकाळी धुकं होतं. हळदी रंगाचा कोट सावकाश चढ चढत होता. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली.

"मर्विन."

तो थांबला. वळला नाही.

"वळ रे," ती म्हणाली. "आत ये, गारठशील."

तरीही तो थोडा वेळ तसाच पाठमोरा उभा राहिला. तिला एकदा नीट बघून घेता यावं म्हणून.